'चेम्मीन' समजून घेताना: होडी, उचल आणि कडलम्मा

कोळ्याची मुलगी आणि मासळीचा तरुण व्यापारी. ती हिंदू, तो मुसलमान. दोघांचं एकमेकांवर प्रेम, तिचं लग्न दुसऱ्याशी, आणि शेवटी तिघांचाही मृत्यू. 'चेम्मीन' या मल्याळम चित्रपटाची गोष्ट एवढ्यात सांगून होते आणि बहुतेक ठिकाणी एवढीच सांगितली जाते. मग सबटायटल लावून तो पाहणारा मराठी प्रेक्षक गोंधळतो. प्रेम धर्मामुळे निषिद्ध आहे हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं, पण पडद्यावरची माणसं धर्माबद्दल फारसं बोलतच नाहीत. बोलतात ती होडीबद्दल, जाळ्याबद्दल, पैशांबद्दल आणि समुद्राबद्दल. हे सगळं मधेमधे येणारं स्थानिक रंगकाम नाही. त्या दोघांची, करुत्तम्मा आणि परीक्कुट्टीची, वाट नेमकी याच गोष्टींनी अडवली आहे. त्या एकेक करून समजून घेतल्या की चित्रपट वेगळाच दिसायला लागतो.

आधी थोडी ओळख. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही कादंबरी 1956 साली आली आणि 1957 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. रामू करिआट यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट 1965 सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दक्षिण भारतातला हा पहिला चित्रपट. करुत्तम्मा झाली शीला, परीक्कुट्टी मधू, नवरा पळनी सत्यन, आणि बाप चेंबन्कुंजु कोट्टारक्करा श्रीधरन नायर. 'चेम्मीन' म्हणजे कोळंबी. शब्द फोडला तर लाल मासा. कथा घडते आलप्पुळ्याजवळच्या पुरक्काडच्या किनाऱ्यावर. चित्रीकरण मात्र बरंचसं त्रिशूर जिल्ह्यातल्या नाट्टिका किनाऱ्यावर झालं.

आता कादंबरी ज्या संवादानं उघडते तो जवळून पाहू, कारण सगळी गाठ तिथेच मारलेली आहे. करुत्तम्मा परीक्कुट्टीला सांगते, बाबा होडी आणि जाळं घेणार आहेत. तो म्हणतो, करुत्तम्माचं नशीब! मग तो विचारतो, होडी आली की मासळी आम्हाला विकाल का? ती म्हणते, चांगला भाव दिलात तर विकू. आणि दोघं हसत सुटतात. हसण्यासारखं त्यात काही नसतं, तरी हसू आवरत नाही. थोडं पुढे बोलणं येतं की होडीला पैसे कमी पडताहेत. प्रेम आणि सौदा एकाच श्वासात सुरू झालेत, आणि पुढे शेवटपर्यंत ते एकमेकांपासून सुटत नाहीत.

करुत्तम्मा परीक्कुट्टीला हाक कशी मारते तेही ऐका. ती नावानं बोलावत नाही, 'कोच्चुमुतलाळी' म्हणते. कोच्चु म्हणजे छोटा. मुतल म्हणजे भांडवल, आपल्या 'मुद्दल'च्या जवळचा शब्द. मुतलाळी म्हणजे भांडवलवाला, मालक. म्हणजे प्रियकराला ती 'छोटे मालक', 'धाकटे शेठ' म्हणते. सबटायटलमध्ये याचं काहीतरी गुळगुळीत भाषांतर होतं किंवा शब्द सरळ गळतो, आणि मोठंच नुकसान होतं. ते दोघं लहानपणापासून एकाच किनाऱ्यावर खेळलेले, पण बोलताना त्यांच्यामध्ये मालक आणि मजुराचं अंतर कायम उभं असतं. तिच्या तोंडी ही हाक प्रेमानं ओथंबलेली आहे. तरी ती हाक मालकाचीच.

या मालकाकडे भांडवल तरी किती? फार नाही. किनाऱ्यावर आलेली मासळी आणि कोळंबी घ्यायची, सुकवायची आणि बाहेर विकायची, हा त्याचा धंदा. ताजी मासळी काही तासांत नासते, म्हणून किनाऱ्यावर विकणारा नेहमी घाईत असतो आणि घेणाऱ्याचा हात वरचा. अशा व्यापारात माल हातात यायचा असेल तर आधी पैसे सोडावे लागतात. होडीवाल्याला उचल द्यायची, तो मासळी आपल्यालाच घालणार, भाव थोडा कमी लागणार. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांनाही ही पद्धत नवी नाही. उचल घेणारा बांधला जातो, म्हणून व्यापाऱ्याचं भांडवल सुरक्षित राहतं.

परीक्कुट्टी देतो, पण बांधत नाही. इथे सगळं बिघडतं. चेंबन्कुंजु दुसऱ्याच्या होडीवर राबणारा माणूस. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, चक्कीनं, वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन पै पै जोडलेली, तरी रक्कम पुरत नाही. परीक्कुट्टीकडे रोकड नाही, म्हणून तो खोपटात साठवलेली सुकी मासळी देऊ करतो. नवरा-बायको रात्रीच्या अंधारात टोपल्या वाहून नेतात. कागद नाही, साक्षीदार नाही, अट नाही. ही उचल धंद्याची नसून करुत्तम्मावरच्या प्रेमापोटी दिलेली आहे हे चक्कीला कळतं, मुलीला कळतं. चेंबन्कुंजुला ते कळूनही कळवून घ्यायचं नसतं. होडी पाण्यात जाते, मासळी येते, परीक्कुट्टी मोठ्या आशेनं किनाऱ्यावर उभा राहतो, आणि चेंबन्कुंजु त्याला विचारतो, रोकड आहे का? रोकड नसते. मासळी दुसऱ्या व्यापाऱ्याला जाते.

हा प्रसंग चित्रपटाचा कणा आहे. चेंबन्कुंजुला नुसता दुष्ट ठरवून पुढे गेलं तर तो हातातून निसटतो. होडीचं गणित काय असतं? पकडलेल्या मासळीतून होडीचा आणि जाळ्याचा वाटा आधी बाजूला निघतो, उरलेल्यात वल्ही मारणारे वाटेकरी. दिवसभर तेवढेच कष्ट करून होडीवाल्याच्या घरी जास्त जातं आणि ते रोज जातं. म्हणून होडी घेणं म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात जाणं. पहिल्याच दिवशी मासळी रोकडीनं विकली तरच दुसऱ्या होडीचं स्वप्न पुढे सरकतं, उधारीवर परीक्कुट्टीला दिली तर तिथेच अडतं. चेंबन्कुंजुचा हिशेब चुकत नाही. तो माणूस म्हणून चुकतो, आणि कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांच्या चेहऱ्यावर हे दोन्ही एकत्र दिसतं.

त्या न फेडलेल्या कर्जानं मुलीचं काय होतं? करुत्तम्मा आईबापाला पैसे परत करा म्हणून टोचत राहते, कारण तिला एक गोष्ट त्यांच्याआधी समजलेली असते. कर्ज राहिलं म्हणजे आपल्यावर परीक्कुट्टीचा हक्क राहिला. आणि कर्ज बुडवलं म्हणजे आपल्या प्रेमाची किंमत बापानं वसूल केली. दोन्ही बाजूंनी ती विकली जाते. परीक्कुट्टीचा धंदा बुडतो, तो कफल्लक होतो. लग्न होऊन सासरी गेल्यावरही तिच्या मनातली टोचणी निम्मी प्रेमाची आणि निम्मी देण्याची असते. देणं फिटलं असतं तर कदाचित ती त्याला विसरू शकली असती, अशी शंका चित्रपट मनात ठेवतो.

धर्माचा अडसर आता बघू. तो खराच आहे, पण कायद्याचा नाही. भिन्न धर्मांच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करता येईल असा विशेष विवाह कायदा 1954 साली झाला, म्हणजे कादंबरीच्या दोन वर्षं आधी. त्याआधीच्या 1872 च्या कायद्यात अशा जोडप्याला आपण हिंदू, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असं जाहीर करावं लागे. 1954 च्या कायद्यानं ती अट काढली. पण नोंदणीची रीत काय? विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा. नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते, 30 दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ज्या किनाऱ्यावर दोघं होडीच्या आडोशाला हसली तरी संध्याकाळपर्यंत चार घरी चर्चा होते, तिथे महिनाभर नोटीस भिंतीवर टिकवणं हे त्या दोघांच्या कल्पनेबाहेरचं. म्हणून पळून जाण्याचा बेतसुद्धा कधी शिजत नाही. दिल्लीत कायदा झाला म्हणून पुरक्काडच्या वाळूवर वाट तयार होत नाही.

तिथे चालतो तो किनाऱ्याचा कायदा. मल्याळममध्ये मच्छीमारांच्या वस्तीच्या किनाऱ्याला 'तुऱ' म्हणतात, आणि प्रत्येक तुऱेचा एक प्रमुख असतो, 'तुऱयिल अरयन'. कथेत कुणी होडी घ्यायची, कुणाची मुलगी अजून बिनलग्नाची का, यात तो लक्ष घालतो. शेजारणीही घालतात. चेंबन्कुंजुनं होडी घेतल्यावर पोटात दुखू लागलेले लोक पहिलं बोट त्याच्या वयात आलेल्या मुलीकडे दाखवतात. मत्सर होडीचा, आणि हल्ला मुलीवर.

या कायद्याच्या मुळाशी जी समजूत आहे तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. समुद्र म्हणजे कडलम्मा, सागरमाता. नवरा समुद्रात असताना बायको किनाऱ्यावर शुद्ध राहिली तर तो सुखरूप येतो, ती ढळली तर कडलम्मा त्याला गिळते. चक्की मुलीला हे लहानपणापासून भरवत आली आहे. पहिला कोळी लाटा आणि वाऱ्याशी झुंजत परत आला, कारण त्याची बायको किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून तप करत उभी होती, अशी कथा ती सांगते. चित्रपटात हेच एका गाण्यातून येतं. वयलार रामवर्मा यांच्या शब्दांत दोन कोळ्यांची गोष्ट आहे: एकाची बायको तपाला बसली, त्याला कडलम्मानं परत आणलं, दुसऱ्याची ढळली, त्याला तिनं नेलं. चाल इतकी उडती आणि गोड आहे की नाचावंसं वाटावं. धमकी अशीच पिढ्यान्‌पिढ्या पोचते, गोड चालीत.

अशी समजूत कशासाठी टिकते? लहान होड्या, उघडा समुद्र, हवामानाची सूचना नाही, विमा नाही. माणूस परत आला नाही तर त्याचं कारण कुणाकडे मागायचं? वाऱ्याकडे मागता येत नाही. बायकोकडे मागता येतं. दुसरं असं की मच्छीमारांच्या घरात बाई घराबाहेर असते. टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात जाते, भाव करते, पैसा तिच्या हातातून फिरतो. चक्कीही मासळी विकणारी बाई आहे. पुरुष तासन्‌तास समुद्रात आणि बाई इतकी मोकळी, तेव्हा तिला धाकात ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते समुद्राएवढं मोठं असलेलं बरं. पुरुषाच्या वागण्यावर होडीची सुरक्षितता टांगलेली असल्याची समजूत या कथेत कुठे भेटत नाही. चेंबन्कुंजु कर्ज बुडवतो, तरी त्याची होडी तरंगतेच.

पण मग शेवट? पळनी बुडतो. करुत्तम्मा त्याच रात्री परीक्कुट्टीला भेटलेली असते. दोघांचे देह एकमेकांच्या मिठीत किनाऱ्याला लागतात आणि दुसरीकडे गळ लागलेला मेलेला शार्क. समजूत खरीच ठरली ना? बहुतेक प्रेक्षक इथे अडतात आणि काहीजण तकळींवर अंधश्रद्धा पसरवल्याचा ठपका ठेवतात.

घटना उलट्या क्रमानं मोजत जा. पळनी का बुडाला? तो छोट्या होडीतून एकटा, रात्री, खोल समुद्रात गेला होता. मोठा शार्क गळाला लागला, त्यानं होडी ओढत नेली आणि ती भोवऱ्यात सापडली. असा मासा पकडायला वल्ही मारणारे वेगळे आणि गळाची दोरी सोडणारा वेगळा लागतो. एकट्याला दोन्ही जमत नाही. मग तो एकटा का होता? कारण बरोबरचे खलाशी त्याला होडीत घेईनासे झाले होते. हाच पळनी त्यांच्यातला सर्वांत पट्टीचा, होडीच्या मागच्या टोकाला, 'अमरम्'वर उभा राहून दिशा देणारा, म्हणजे आपल्या तांडेलाच्या जागेवरचा माणूस. मग त्याला का टाळलं? कारण त्याच्या बायकोबद्दल कुजबुज पोचली होती, आणि ज्याची बायको संशयित त्याच्याबरोबर समुद्रात जायला कुणी धजत नव्हतं. ती कुजबुज खरी ठरण्याच्या खूप आधी, करुत्तम्मा संसारात जीव ओतत असताना, त्याची होडी रिकामी झाली होती.

म्हणजे त्या समजुतीनं पळनीला खरोखरच मारलं. कडलम्माला त्यासाठी काही करावं लागलं नाही. समजूत खरी आहे असं मानणाऱ्या माणसांनी ती खरी करून दाखवली. आमच्या मते चित्रपटाची सगळी ताकद इथे आहे, आणि सत्यन यांनी रंगवलेला पळनी त्यामुळेच परीक्कुट्टीइतकाच जिव्हारी लागतो. अनाथ, कमी बोलणारा, बायकोवर खरं प्रेम करणारा हा माणूस खलनायक नाही. निषिद्ध प्रेमाच्या बहुतेक गोष्टींत नवऱ्याला वाईट करून प्रेक्षकाची सोय केली जाते. इथे ती सोय नाही.

एक भौगोलिक गोष्टही सांगायला हवी, नाहीतर सुबत्तेचे प्रसंग कळत नाहीत. कोकणात पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. पुरक्काडच्या बाजूला मात्र ऐन पावसाळ्यात 'चाकरा' लागते. समुद्रतळाचा अतिशय बारीक गाळ ढवळून पाण्यात तरंगतो आणि लाटांचा जोर शोषून घेतो. आजूबाजूला समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यालगतचा अर्धवर्तुळाकार पट्टा तळ्यासारखा शांत होतो. तिथे मासळी आणि कोळंबी थव्यानं येते, होड्या सहज लोटता येतात. दुसरीकडचे मच्छीमार आणि व्यापारी तिथे गोळा होतात, पैसा अचानक वाहू लागतो. चाकरा दरवर्षी त्याच जागी लागेल असं नसतं. काही आठवड्यांत वर्षाची कमाई करून घेणाऱ्या या अर्थव्यवस्थेत रोकडवाल्याचं चालतं, आणि परीक्कुट्टीसारखा रिकाम्या हातांचा व्यापारी एका हंगामात संपतो.

चित्रपटाच्या तांत्रिक बाजूबद्दल एक चूक सर्रास छापली जाते. हा पहिला रंगीत मल्याळम चित्रपट नव्हे. तो मान 1961 च्या 'कंडम बेच्च कोट्टु'चा. पण समुद्राचा रंग कथेसाठी वापरणं हे 'चेम्मीन'मध्ये दिसतं. छायाचित्रण तेलुगू 'मायाबझार'वाल्या मार्कस बार्टली यांचं. संकलन आपल्या ओळखीचे हृषीकेश मुखर्जी यांचं आणि संगीत सलील चौधरींचं, म्हणजे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतली दोन बंगाली नावं. सलीलदांचा हा पहिला मल्याळम चित्रपट. परीक्कुट्टीचं किनाऱ्यावरचं आर्त गाणं मन्ना डे यांनी गायलं. त्यांच्या पत्नी सुलोचना केरळच्या. मल्याळम कानांना मन्ना डे यांचे उच्चार परके वाटतात, तरी ते गाणं केरळात घरोघरी पोचलं. तरुण येशुदासचा आवाजही यात आहे. सलीलदांनी पुढे हिंदीत त्याच्याकडून गाऊन घेतलेली गाणी मराठी श्रोत्यांना पाठ आहेत.

करिआट यांच्यासाठी हा विषय नवा नव्हता. 1954 साली पी. भास्करन यांच्याबरोबर त्यांनी 'नीलक्कुयिल' दिग्दर्शित केला होता. त्यात उच्चवर्णीय शाळामास्तर दलित तरुणीवर प्रेम करतो आणि ती गरोदर राहिल्यावर जातीला घाबरून तिला टाकतो. तो भेकड मास्तरही सत्यनच. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत असं आम्ही आवर्जून सांगू. 'नीलक्कुयिल'मध्ये अडसर एका माणसाच्या भित्रेपणातून दिसतो. त्याच्यावर रागावता येतं. 'चेम्मीन'मध्ये बोट दाखवायला एकच माणूस सापडत नाही, आणि दिग्दर्शक अकरा वर्षांत कुठवर आला हे त्यात कळतं.

पाहताना गाणी पुढे ढकलू नका. परीक्कुट्टी रात्री किनाऱ्यावर गातो तेव्हा तो स्वतःचं दुःख हलकं करत असतो, पण आवाज वाऱ्याबरोबर झोपड्यांपर्यंत जातो. करुत्तम्मा अंथरुणात ऐकते, चक्की ऐकते, शेजारीही ऐकतात. त्यानं कधी कुणाला काही सांगितलं नाही, तरी सगळ्या तुऱेला ठाऊक झालं ते या गाण्यातून. नाट्टिकाचा तो मोकळा, आडोसा नसलेला किनारा करिआट यांनी मुद्दाम पुन्हापुन्हा रुंद चौकटीत दाखवला आहे. लपायला तिथे होडीच्या सावलीखेरीज काही नाही, आणि होडी बापाची आहे.

आणि पंचमीकडे, करुत्तम्माच्या धाकट्या बहिणीकडे, पहिल्यापासून लक्ष ठेवा. सावत्र आई आल्यावर घर सोडून ती बहिणीकडे येते आणि परीक्कुट्टीची दशा सांगते. तेच बोलणं पळनीच्या कानावर पडतं आणि शेवटची रात्र सुरू होते. पोरीनं काही वाईट केलेलं नसतं, फक्त बहिणीला गावाकडची खबर दिलेली असते. शेवटी किनाऱ्यावर उभी राहते ती पंचमीच, करुत्तम्माचं तान्हं मूल कडेवर घेऊन, समुद्राकडे बघून रडत.